व्याही आणि चार चाकं

आमच्या व्याह्यांनी उभ्या आयुष्यात कुणाच्या तोंडाकडे आधी पाहिलेलं नाही. ते आधी चाकांकडे पाहतात. पाहुणा गाडीतून उतरतो, हात जोडतो, आणि व्याही त्याच्या गुडघ्याच्या उंचीवर उकिडवे बसून पुढच्या चाकाच्या आऱ्यांमधून बोट फिरवत असतात. बोटाला लागलेली काळी पूड अंगठ्यानं चोळून झाली की मग कुठे वर बघून विचारतात, "बरं हाय ना?" हा प्रश्न पाहुण्याला असतो की गाडीला, हे मला अजून कळलेलं नाही. मुरबाडला भाचीच्या लग्नात मामा म्हणून त्यांना बोलवायला माणसं धावली, तेव्हा ते हॉलमागे गाड्यांच्या गर्दीत एका अनोळखी ड्रायव्हरला सांगत होते, "माळशेज उतरून आलास ना? सगळा घाट ब्रेकवर पाय ठेवून उतरलास. पुढलीच चाकं करपलीत, बघ." ड्रायव्हर इतका भारावला की त्यानं भविष्य बघायला हात पुढे केला. व्याह्यांनी त्यावर फडकं ठेवलं आणि ते मंगलाष्टकांना गेले.

व्याही टोकावड्याचे. तीस वर्षं त्यांनी मुरबाडच्या एका डॉक्टरांची गाडी चालवली. स्वतःची गाडी कधी घेतली नाही. एक स्कूटर आहे, ती चिखलानं इतकी माखलेली असते की मूळ रंगाबद्दल घरात दोन मतं आहेत. "तिला कोन बघतो?" एवढंच ते म्हणतात. चाक धुणं मात्र त्यांच्या लेखी सोवळ्यातलं काम. गाडी आल्याबरोबर पाणी मारू देत नाहीत. आईनं पोराचा ताप बघावा तसा उपडा हात चाकाजवळ नेतात आणि निकाल देतात, "उतरला नाय अजून. बसा, चाय घ्या." चाक निवलं की सावलीत घ्यायचं, नुसत्या पाण्यानं माती सोडवायची, मग शाम्पू, मग दाढीचा जुना ब्रश, आणि सांदीकोपऱ्यांसाठी कानावर खोचलेला टूथब्रश. चाकांचं फडकं गाडीच्या अंगाला लावायचं नाही. तरी काळं हटलं नाही तर पुन्हा भिजवायचं आणि थांबायचं. हे थांबणं मला जमत नाही. मी एकदा मदत म्हणून नखानं खरवडायला गेलो, तर त्यांनी माझा हात धरून अलगद माझ्याच मांडीवर ठेवला. "जोर लावून निघतो तो रंग, व्याही. मळ थांबल्यावर निघतो."

आमची पहिली भेट माझ्या अब्रूच्या दृष्टीनं वाईटच झाली. मुलासाठी त्यांची मुलगी बघायला आम्ही शहापूरहून निघणार होतो आणि पाहुण्यांवर छाप पडावी म्हणून आदल्या दुपारी मी संडास धुवायचं अ‍ॅसिड आणि तारेची घासणी घेऊन चाकांवर तुटून पडलो. काळं गेलं. त्याबरोबर चकाकीही गेली आणि कोड फुटावं तसे पांढरे चट्टे उमटले. मला ते छान दिसत होते. टोकावड्याला पोचलो, व्याही चाकापाशी बसले, आणि बराच वेळ उठलेच नाहीत. मग अगदी हळू आवाजात, मयताची चौकशी करावी तसं म्हणाले, "ह्ये कोनी केलं?"

मी आयुष्यभर कारकुनी केली आहे. म्हणालो, "सर्व्हिसिंगवाल्यानं केलं असेल."

"नाही, बाबांनी केलं," माझा मुलगा म्हणाला. "मला दिसत होतं चाक खराब होतंय ते."

"मंग अडवला का नाय?"

"ते गाणं म्हणत होते घासताना."

व्याह्यांनी चाक सोडलं आणि माझ्या मुलाच्या तोंडाकडे बघितलं. चांगलं निरखून बघितलं. आत पोह्यांच्या बशा तशाच राहिल्या होत्या, माझी बायको घाम पुसत होती, आणि लग्न अंगणातच ठरून गेलं. "पोरगा पसंत हाय," ते म्हणाले, मग माझ्याकडे बोट करून, "गाडी ह्यांच्या हातात देऊ नका."

पोरगी एकुलती एक. आई लहानपणीच गेलेली, बापानंच वाढवलेली. लग्न झालं, आणि पंधराच दिवसांत एका रविवारी व्याही स्कूटरवरून आमच्या दारात. खांद्याला पिशवी, पिशवीत ब्रश. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरी बापानं जेवायचं नाही, उगाच जाऊन बसायचंही नाही, ही त्यांच्याकडची रीत. आणि रीत मोडणारा हा माणूस नव्हे. म्हणून त्यांनी आल्या आल्या माझ्या बायकोला स्वच्छ सांगून टाकलं, "मी पाव्हना म्हनून नाय आलो. चाकं धुवायला आलोय." उंबऱ्याच्या आत पाऊल नाही. चहा हे अन्न नव्हे, असा निवाडा त्यांचा त्यांनीच केलेला, त्यामुळे चहा चाले, तोही नळापाशी. माझा मुलगा रोज हायवेनं भिवंडीकडे कामाला जातो, तेव्हा चाकं काळी व्हायला वेळ लागत नसे. दर दुसऱ्या रविवारी व्याही येत. सूनबाई बादली उपडी घालून शेजारी बसे. बोलणं फार नसेच. "बाय, पानी जरा कमी सोड." "आबा, गुडघा कसा आहे?" "हाय तिथंच हाय." चार चाकांना तीन तास लागत. चार चाकांना तीन तास कशाला लागतात, असं मी एकदा विचारलं, तर बायकोनं मला घरात बोलावून घेतलं आणि काही काम नसताना कांदे चिरायला बसवलं.

कल्याणहून आणलेली एक बाटलीही त्यांच्या पिशवीत असे. ते औषध फवारलं की ब्रेकची लोखंडी पूड विरघळून चाकातून जांभळे ओघळ सुटतात. बायकोनं ते खिडकीतून पहिल्यांदा पाहिलं आणि "अगं बाई, काय कापलं यांनी?" म्हणत हळदीचा डबा घेऊन धावली. व्याही इतके हसले की टूथब्रश कानावरून पडला. सूनबाई त्यांच्याहून जास्त हसली. त्या दोघांचं हसणं अगदी एकसारखं आहे, हे मला तेव्हा दिसलं.

दीड वर्षानं मुलाची बदली बडोद्याला झाली. निघायचं ठरलं दिवाळीनंतरच्या रविवारी, सकाळी दहाला. व्याही आठलाच पिशवी घेऊन हजर झाले आणि चाकापाशी बसले. चाकं लख्ख होती. जावयानं पहाटे उठून, त्यांनीच शिकवलेल्या पद्धतीनं, ब्रश न् ब्रश फिरवून चारही चाकं धुतली होती. सासऱ्यांना आज तरी त्रास नको, म्हणून. व्याह्यांनी चारही चाकांवरून बोट फिरवलं. बोट कोरडं आणि स्वच्छ. "झ्याक केलीस रे," ते म्हणाले, आणि पिशवीचे बंद पुन्हा बांधायला लागले. "मंग मी निघतो."

सूनबाई बादली हातात घेऊन दारात उभी होती. ती आत ये म्हणू शकत नव्हती आणि ते येऊ शकत नव्हते. मला ते बघवेना. मी किल्ली उचलली, "पेट्रोल भरून आणतो" म्हणालो, आणि कुणी माझ्या हातातून गाडी काढून घ्यायच्या आत निघालो. सापगावच्या बाजूला रस्त्याचं काम चालू होतं. डांबर नुकतंच ओतलेलं, आडवी दोन पिंपं लावलेली. मी खाली उतरून पिंपं बाजूला केली, कामावरच्या मुकादमाच्या शिव्या खाल्ल्या, आणि त्या ओल्या डांबरातून गाडी दोनदा नेऊन आणली.

दारात गाडी उभी केली तेव्हा व्याही स्कूटरला किक मारत होते. त्यांनी चाकं पाहिली. "अरे देवा! व्याही, डोळे कुठं व्हते?"

"दिसलं नाही," मी म्हणालो.

"डांबर हाय ह्ये! घासाल तर मराल. बाय, खोबरेल आन गो." पिशवी सुटली, बादली उपडी पडली, आणि बापलेक बसले. तेल लावायचं, थांबायचं, पुसायचं, परत लावायचं. माझा मुलगा मला काही बोलणार होता. मी त्याला कांदे चिरायला बसवलं. दहाला निघणारी गाडी एक वाजता निघाली. त्या तीन तासांत दोघं काय बोलली मला माहीत नाही, मी खिडकीशी गेलो नाही.

गाडी वळणाआड गेल्यावर व्याही हात पुसत उभे राहिले. "तिकडचे रस्ते चांगले हायेत म्हनतात," ते म्हणाले. बायको दारातून म्हणाली, "दोन घास खाऊन जा आता." दीड वर्षं ती दर खेपेला हे म्हणत आली होती, सवयीनंच म्हणाली. व्याह्यांनी थोडा विचार केला. मग चपला काढल्या. "बाय गेली. आता ह्ये लेकीचं घर नाय, तुमचं घर," म्हणाले, आणि आत आले.

मी पाट मांडला, बायकोनं ताट वाढलं. ते ताटाकडे न बघता सगळीकडे बघत राहिले.

"बाय कुठं बसायची जेवाया?"

बायकोनं स्वयंपाकघराच्या खिडकीखालची जागा दाखवली. व्याह्यांनी ताट उचललं आणि तिथे जाऊन बसले.