लाँग ग्रेनच्या लेबलाखाली

भिवंडीच्या एका कागदवाल्याने मला फसवलं. शॉर्ट ग्रेनचा कागद त्याने लाँग ग्रेनचा म्हणून विकला, तोही वर खोटं लेबल चिकटवून. त्या कागदावर मी भुईगावकडच्या एका गावातल्या गायनमंडळाचं गीतपुस्तक छापलं, आणि ते पुस्तक उघडं राहत नाही. झालं आहे ते एवढंच. पण तेव्हापासून मी एका जागी पाच मिनिटं बसलेले नाही. हे लिहितानासुद्धा दोनदा उठले.

ग्रेन म्हणजे काय ते आधी सांगते, कारण तो कागदवाला म्हणतो की हे कोणाला कळत नाही. गिरणीत पाण्यातला लगदा धावत्या जाळीवर पडतो. त्यातले तंतू जाळीबरोबर एका दिशेने लागत जातात. ती दिशा म्हणजे ग्रेन; शीटच्या लांब बाजूने गेला तर लाँग, आखूड बाजूने गेला तर शॉर्ट. त्या दिशेने कागद सरळ फाटतो आणि मुकाट वाकतो. आडवा फाडायला जा, वेडावाकडा फाटेल. पुस्तकात ग्रेन पाठीला समांतर असावा लागतो. मग पान उलटलं की पडून राहतं. तो उलटा लागला की पान ताठ उभं राहतं, आणि आमच्या खाऱ्या, दमट हवेत शिलाईजवळ लाटा येतात. डबल डेमी मापाच्या शीटमधून मी पुस्तक काढणार होते, तेव्हा मला लाँग ग्रेनच हवा होता. मी तसं तीन वेळा सांगितलं होतं.

हे शब्द मी कॉलेजात शिकले नाही. वसईत एका बाइंडरकडे फर्मे मोडायला बसले तेव्हा मला फर्मा म्हणजे काय तेही माहीत नव्हतं. छापलेला मोठा कागद घडी घालून सोळा किंवा बत्तीस पानांचा होतो, तो फर्मा. बाइंडर सांगायचा नाही, ओरडायचा. ओरडण्यातून मी एकेक शब्द उचलला. मॅपलिथो, जीएसएम, क्रीजिंग, रजिस्टर. पुढे नायगावात गाळा घेतला, जुनं ऑफसेट मशीन घेतलं, आणि मला कळलं की या धंद्यात भाव करायचा तर आधी शब्द पाहिजे. समोरच्याने ‘चांगला कागद द्या’ म्हटलं की तो संपला. मी ‘सत्तर जीएसएम, नॅचरल शेड, लाँग ग्रेन’ म्हणते तेव्हा दुकानदार खुर्चीतून जरा पुढे येतो. विरारहून लग्नपत्रिका घेऊन येणाऱ्यांना मीही हे शब्द ऐकवून गप्प केलं आहे, नाही म्हणत नाही. पण जो कागद सांगितला तोच दिला. दुसरा कधी नाही.

कागद घेतला त्या दिवशी कागदवाल्याशी तासभर घासाघीस केली. तो म्हणाला, “मॅडम, या भावात मी घरूनच देतोय.” मी म्हटलं, “मग घर विका, पण भाव हाच.” तो हसला. वीस रीम उचलते म्हटल्यावर तो आत जाऊन आला, आणि एकदम कबूल झाला. इतका झटकन की तिथेच माझे कान टवकारायला हवे होते. पण जिंकल्याचा कैफ असतो. रीमचं वेष्टन फोडून कडेला नख ओढायचं, पट्टी फाडून बघायची, ही माझी रोजची सवय. पंधरा वर्षांत ती चुकली नव्हती. त्या दिवशी लेबल वाचलं आणि टेम्पो भरायला सांगितला.

पुस्तक कोणाचं, तेही सांगायला हवं. त्या गायनमंडळात एक निवृत्त मास्तर ऑर्गन वाजवतात. चर्चमधली गीतं आणि गावातली लग्नाची जुनी गाणी त्यांनी वह्यांमध्ये उतरवून ठेवली होती. काही गाणी त्यांच्याशिवाय कोणाला पूर्ण येत नाहीत. त्यांचे डोळे आता अधू झाले आहेत, म्हणून अक्षर मोठं ठेवलं, ओळींमध्ये जागा सोडली. प्रूफं त्यांनी स्वतः भिंग घेऊन तपासली. मला म्हणाले, “बाय, बाकी काही नको. स्टँडवर ठेवलं की उघडं राहिलं पाहिजे. माझे दोन्ही हात पट्ट्यांवर असतात.”

मी म्हटलं, “सर, ती जबाबदारी माझी.”

चर्चच्या सणाच्या आदल्या शनिवारी दुपारी तालीम होती. गठ्ठे घेऊन मी स्वतः गेले. मुखपृष्ठ सगळ्यांना आवडलं. सरांनी पुस्तक स्टँडवर ठेवलं, मधलं पान काढलं, तळव्याने दाबलं आणि पहिला सूर लावला. पुस्तक मिटलं.

त्यांनी पुन्हा उघडलं. पुन्हा मिटलं.

पुढच्या रांगेतली एक काकी म्हणाली, “सर, तुमच्या पुस्तकाला गाणं आवडत नाही वाटतं!”

“नवीन सून आहे, लाजते,” दुसरी म्हणाली. सगळे हसले. मीही हसले. मी एक प्रत उचलली, मागचं कोरं पान फाडलं. उभं फाडायला गेले, फाट वाकडी गेली. आडवं फाडलं, सुरीने कापल्यासारखं सरळ. तिथेच कळलं.

कोणीतरी कपडे वाळत घालायचे चिमटे आणले. चिमटे लावले की पान उलटता येईना. शेवटी सर म्हणाले, “राहू दे. हे गाणं मला पाठ आहे.” पण पुढचं पाठ नव्हतं. मधल्या कडव्यात ते अडले, हात पट्ट्यांवर तसेच राहिले, आणि मंडळ थांबलं. कोणी हसलं नाही. मला ते हसायला हवे होते.

प्रेसवर येऊन मी उरलेल्या रीम ओढून काढल्या. लेबलावर ओलं फडकं दाबून धरलं. वरचं लेबल सुटलं आणि खाली गिरणीचं निघालं. त्यावर स्पष्ट छापलं होतं, शॉर्ट ग्रेन.

ती वेष्टनं घेऊन सोमवारी मी कागदवाल्याच्या टेबलावर ठेवली. त्याने पाहिलीसुद्धा नाहीत.

“मॅडम, शाई धरली ना? छपाई छान आली ना? ग्रेन कोण बघतं आजकाल?”

“पुस्तक बघतं,” मी म्हटलं. “लेबल कोणी लावलं?”

“गोडाऊनमध्ये दहा माणसं आहेत.”

“मग दहाही बोलवा.”

“तुम्ही इतका भाव पाडलात, मग यापेक्षा काय मिळणार?”

मी अशी ओरडले की बाजूच्या गाळ्यातले लोक दारात आले. भाव पाडला, हो, पाडला. तो माझा धंदा आहे. परवडत नव्हतं तर नाही म्हणायचं होतं. शॉर्ट ग्रेन आहे, स्वस्तात घेता का, असं विचारलं असतं तर पॅड छापायला घेतलाही असता. त्याने मला हो म्हटलं आणि आत जाऊन लेबल बदललं. कमी भाव त्याला मान्य होता. नको होतं ते खरं सांगणं. तो आता कागद बदलून द्यायला तयार आहे. छपाई, शिलाई, सरांची ती शनिवारची दुपार यांचं काय, विचारलं तर पंख्याकडे बघतो.

पुस्तक मी पुन्हा छापते आहे. दुसऱ्याकडून कागद घेतला, प्रत्येक रीम फोडून पट्टी फाडली. मशीनवाला कंटाळला, कंटाळू दे. सर म्हणतात, “जाऊ दे बाय, माणूस आहे, चुकतो.” सर, ही चूक नाही. चुकलेला माणूस लेबल छापून घेत नाही.

पुस्तकाच्या शेवटच्या पानावर मुद्रक म्हणून माझं नाव आहे, त्याचं नाही. पहिल्या छपाईच्या प्रती पाचशे घरांत आहेत. तिथे लोक ते पान वाचतील आणि मला हसतील, तो भिवंडीत पंख्याखाली बसेल. हे मला चालणार नाही. त्याने एका शनिवारी तालमीला यावं. सरांच्या शेजारी उभं राहून पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत ते पुस्तक दोन्ही हातांनी उघडं धरावं. आणि मंडळ थांबेल तेव्हा सगळ्यांसमोर सांगावं: आत जाऊन ते लेबल कोणी चिकटवलं?