वहिनींचे न सुटणारे उपास

आमच्या घरात कोणाची नक्कल करावी तर ती वहिनींनीच. एसटीचा कंडक्टर, भीमेवरचा होडीवाला, प्रत्येक लग्नात रुसून बसणारे आमचे मामा, सगळे जणू त्यांच्या तोंडात वस्तीलाच होते. पुण्याला बी.ए. होऊन मी शिरूरच्या शाळेत शिक्षक लागलो आणि पहिल्या शनिवारी राहू या आमच्या गावी घरी आलो, तेव्हा त्यांनी मला दारातच गाठले. म्हणाल्या, "भावजी, एवढी बुकं वाचलीत, आता नुसतं बघून सांगा बरं, चहात गूळ किती हाय ते."

माझ्याआधी आमच्या घरात कोणी सातवीच्या पुढे गेले नव्हते. मॅट्रिकनंतर मलाही शेतीत घ्यायचे घाटत होते. तेव्हा थोरल्या भावाला वहिनींनीच समजावले होते की शेताला तुम्ही पुरे आहात, भावजींना जाऊ द्या. माझ्या पदवीत त्यांचा वाटा आहे, असे मी आजही मानतो.

मी नोकरीला लागलो त्याच वर्षी, पावसाळा सरता सरता, त्यांचे बाळ गेले. नुकते कुठे बसायला लागले होते. तापाचे निमित्त झाले. दोन-तीन आठवडे घर रडले, मग सुगीची कामे आली आणि घर कामाला लागले. वहिनीही लागल्या, पण त्यांचे बोलणे गेले. दूध उतू जायचे आणि त्या चुलीसमोर बसून ते बघत राहायच्या. विहिरीवर गेल्या की परत यायचे विसरायच्या. कोणी हाक मारली तर दचकायच्या. रात्री झोप नसायची आणि दिवसा उठवत नसे.

भावाने खुटबावच्या स्टेशनावरून पॅसेंजरने त्यांना दौंडच्या डॉक्टरांकडे नेले. डॉक्टरांनी डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या, अंगात रक्त नाही म्हणाले, लाल औषधाची बाटली दिली आणि हिला चांगले खाऊ घाला असे सांगितले. आईला ते लागले. साठच्या दशकातली ती वर्षे कठीण होती, गावातली निम्मी घरे रेशनच्या तांबड्या मिलो ज्वारीवर दिवस काढत होती. पण आमच्या कणगीत घरची ज्वारी होती, गोठ्यात दूध होते. खायला कोण नाही म्हणते हिला, असे आई म्हणाली, आणि ते खरेच होते.

पण आमच्याकडे जेवणाची रीत अशी होती. सकाळी आई गड्यांच्या भाकरी घेऊन शेतात जायची आणि तिथेच जेवायची. रात्री आधी पुरुष, मग आई, आणि सगळ्यांना वाढून झाल्यावर शेवटी वहिनी. चुलीच्या उजेडात त्या एकट्याच बसायच्या. कोणी विचारले तर म्हणायच्या, "झालं माझं." मीही कितीदा विचारले असेल, आणि कितीदा ते 'झालं माझं' ऐकून समाधानाने अंथरुणावर पडलो असेन. त्यांच्या ताटाकडे पाहायची वेळ घरात कोणावर येतच नव्हती.

औषधाची बाटली संपली, गुण आला नाही. मग घरातल्या माणसांना जे सुचते ते सुचले. सोमवार वहिनी लग्नाआधीपासून करत होत्या. देवऋष्याने गुरुवार सांगितला. वहिनींच्या आईने माहेरहून निरोप धाडला की शनिवार धर. आमच्या आत्याने शुक्रवार नेमून दिला. एकादशी आणि चतुर्थी आमच्या आईने घातली. ज्याने त्याने मायेपोटी एकेक उपास दिला, आणि प्रत्येकाला आपण दिलेला तेवढाच ठाऊक. वहिनींनी एकालाही नाही म्हटले नाही. त्यांना मुळात भूकच राहिली नव्हती. उपास असला की न जेवण्याचे कारण कोणी विचारत नसे, हे त्यांनी मला पुढे कित्येक वर्षांनी सांगितले.

अशात मामा आले. आईचे थोरले भाऊ, शब्दाचे वजन असलेले. ओसरीवर बसून ते आईला म्हणाले की पोरीच्या डोक्यावर परिणाम झालाय, संक्रांतीपर्यंत वाट बघा, नाहीतर तिला माहेरी पोचवू आणि पोरासाठी दुसरीकडे बघू. घर असं किती दिवस चालायचं. भाऊ मान खाली घालून बसून राहिला. आईने हो म्हटले नाही, पण नाहीही म्हटले नाही. आत भांड्यांचा आवाज थांबला होता. वहिनींनी सगळे ऐकले होते.

त्या वर्षी रोजे थंडीत आले होते. आमच्या शेजारी एक मुसलमान कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. चाचा शिवणकाम करायचे आणि थोडी जमीनही कसायचे. रोज्यांच्या महिन्यात आमच्या घरून त्यांच्याकडे दिवस मावळताना तांब्याभर दूध जायचे, ही माझ्या आजोबांच्या वेळची पद्धत. ते दूध वहिनी नेऊन देत. शिजवलेले अन्न इकडून तिकडे जात नसे, पण सुके चालायचे. म्हणून रोजा सोडताना चाची वहिनींच्या हातावर दोन खजूर ठेवायची.

नाताळच्या सुट्टीत मी घरी होतो. एका संध्याकाळी मी ओसरीवर वह्या तपासत होतो आणि आई शेंगा फोडत होती. वहिनी दूध देऊन परत आल्या आणि त्यांच्यामागोमाग चाची अंगणात आली. तिने कधी नव्हे तो वहिनींचा पदर धरला, गाठ सोडली आणि आईसमोर धरली. गाठीत खजूर होते. कालचे, परवाचे, त्याआधीचेही, एकमेकांना चिकटून गोळा झालेले.

चाची म्हणाली, "आक्का, ही रोज म्हंती आज उपास हाय. म्या म्हटलं खजूर उपासाला चालतो, खा. व्हय म्हंती आन् गाठीला बांधती. रोजा आमी बी धरतो, पर आमचा दिस मावळला की सुटतो. हिचा सुटतो तरी कवा?"

आईने, आज शुक्रवार आहे, आमच्या आत्याने धरायला सांगितलाय, असे काहीसे उत्तर दिले. मग चाचीने वहिनींनाच विचारले, आणि वहिनींनी खाली बघत एकेक वार सांगितला. मंगळवार आणि बुधवार तेवढे मोकळे निघाले. रविवार कोणी नेमून दिला नव्हता, पण शनिवारचा उपास सोडायलाही अंगात ताकद उरत नसे, म्हणून तोही उपाशीच जाई.

चाचीचीही मुले गेली होती, हे आम्हाला ठाऊक होते. जाताना एवढेच म्हणाली, "आजाऱ्याला आमच्यात रोजा माफ असतो, आक्का. तुमचा देव काय आमच्यापेक्षा कडक हाय व्हय?"

आई शेंगा तशाच टाकून आत निघून गेली. मला वाटले तिला राग आला. पण अडचण वेगळी होती. धरलेले व्रत मध्येच टाकले तर कोप होतो, हे तिच्या रक्तात होते. एक नातू गेला होता. आता आणखी कोप ओढवून घ्यायची तिची तयारी नव्हती. आमच्याकडे सासू थकली की तिचे व्रत सून पुढे चालवते. सुनेचे व्रत सासूने उचलल्याचे मी कधी ऐकले नव्हते.

सोमवारी सकाळी आई अंघोळ करून वहिनींना हाताला धरून महादेवाच्या देवळात घेऊन गेली. मी मागून पाण्याची कळशी घेऊन होतो. पिंडीवर पाणी घालताना आई नेहमी पुटपुटते, त्या दिवशी मोठ्याने बोलली.

"देवा, या पोरीचे समदे उपास आजपासनं माझे. कोप करायचा तर माझ्यावर कर. हिला जेवू दे."

घरी येऊन तिने बाजरीची भाकरी थापली, वर लोण्याचा गोळा ठेवला आणि वहिनींना स्वतः वाढले. ती समोर बसून राहिली. दोन घास गेले आणि वहिनी रडू लागल्या, बाळ गेल्यावर रडल्या नव्हत्या तशा. आई पाठीवरून हात फिरवत राहिली आणि मध्येच म्हणाली, "रड. पर खात खात रड."

पुढचे दिवस असेच गेले. आई स्वतः उपाशी आणि सुनेच्या ताटावर लक्ष ठेवून. सगळे वार तिलाही झेपले नाहीत. गुरुवार आणि शुक्रवार तिने देवाला सांगून भावाच्या गळ्यात घातले. अन्नाने दुःख गेले असे मी म्हणणार नाही. ते वहिनींच्या डोळ्यांत पुढेही अधूनमधून दिसायचे. पण दुःख वागवायलाही अंगात बळ लागते, एवढे मला तेव्हा कळले. आधी त्यांना झोप लागू लागली. मग भाजीत मीठ परत आले. मग एके दिवशी म्हैस लाथ मारते म्हणून त्या तिला काहीतरी लागट बोलल्या आणि गोठ्यात वैरण टाकणारा भाऊ नुसता उभाच राहिला.

त्या वर्षी ईद आणि भोगी लागूनच आल्या, आणि सणाला मी पुन्हा घरी आलो. चाचीने शेवया, साखर आणि खजूर सुकेच पाठवले. भोगीला आमच्याकडे तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि वांगी, घेवडा, गाजर, हरभऱ्याची मिसळीची भाजी असते. 'न खाई भोगी तो सदा रोगी' असे म्हणतात, त्यामुळे त्या दिवशी उपासाचे नावही कोणी काढत नाही.

भर दुपारी मामांची बैलगाडी दारात आली. संक्रांत उद्यावर आली होती. ते बोलल्याप्रमाणे आले होते. गाडीत बसायला घोंगडी अंथरलेली होती. मामांनी ओसरीवर पाय ठेवून विचारले, आवरलंय का पोरीचं.

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती बाजूला झाली नाही.

"दादा, थांबा जरा. सून जेवतीय."

मामांना ते समजायला वेळ लागला. आमच्या घरात पाहुणा, तोही आईचा थोरला भाऊ, सुनेचे जेवण होईपर्यंत कधी थांबला नव्हता. ते पागोटे सावरत ओसरीवर बसले. भावाने गाडीचे बैल सोडून दावणीला बांधले आणि पुढ्यात वैरण टाकली. बरोबर घोंगडीही काढून घेतली.

आतून आईला उद्देशून वहिनींचा आवाज आला, तोंडात घास असल्यासारखा. "आत्याबाई, मामांना म्हणावं, गाडी मोकळी न्यायला वाईट वाटत असंल तर भोगीच्या भाकरी घालून देते तीत."

मामा रुसले. पण जेवायला बसले, आणि भाकरी त्यांना वहिनींनीच वाढली.