पुठ्ठ्याचे पंख
नाताळच्या तयारीत चर्चच्या हॉलमध्ये खळीचा वास सुटला, की मला ते पुठ्ठ्याचे पंख आठवतात. तेव्हा आमचा तरुण संघ दर रविवारी शेवगावजवळच्या ऊसतोड कामगारांच्या वस्तीत मुलांना शिकवायला जायचा. गणपतीतच मी तिथल्या तेरा वर्षांच्या एका मुलीला नाताळच्या नाटकात देवदूत केलं. दसऱ्यानंतर अख्खी वस्ती ऊसतोडीला जाते, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. पंख तिनेच चिकटवले आणि नाताळाआधीच ती आईबापांबरोबर ट्रॅक्टरमधून निघून गेली. उन्हाळ्यात परतली, तेव्हा तिच्या गळ्यात मंगळसूत्र होतं. "ताई, माझं वाक्य अजून पाठ हाय," ती म्हणाली आणि हात पसरून तिने ते म्हणून दाखवलं, "भिऊ नका." आताही तालमीत देवदूत पुढे आला, की मी हॉलबाहेर जाऊन उभी राहते.