करवंटीतली पिवळी

वैजयंतीबाईंना राग येतो, ही गोष्ट अख्ख्या सेलूला ठाऊक होती. ठाऊक नव्हती ती फक्त त्यांच्या घरच्यांना. भाजीवाल्याने किलोत एक किडकं वांगं सरकवलं, की मोंढ्याच्या बाजारापर्यंत ऐकू जाईल असा आवाज निघे. गॅसवाला असो, केबलवाला असो, की गल्लीत स्पीकर लावणारी पोरं असोत, कुणाची गय नसे. घराचा उंबरा ओलांडला की मात्र तोंडाला कुलूप. घरातला राग घरात काढायची सोयच नव्हती, म्हणून वड्याचं तेल वांग्यावर निघत होतं. बिचारी वांगी तरी किती सोसणार!

आता कुणी म्हणेल, राग यायला झालं काय होतं? नवरा शिवप्रकाशराव हात उगारणारे नव्हते, पिणारे नव्हते. सरकीच्या पेंडीचं चालतं दुकान होतं. पण त्या घरात वैजयंतीबाईंची म्हणून एकही गोष्ट जागेवर राहत नसे. शिवणयंत्राच्या जागी पेंडीचे नमुने आले. कपाटातल्या त्यांच्या खणात नवऱ्याचे बंद पडलेले मोबाईल आले. मुलगा शंभुराज नोकरीला पुण्यात गेला, तेव्हा त्याची रिकामी खोली त्यांनी स्वतःसाठी मागितली. "घे की, कोन नको म्हनतंय," शिवप्रकाशराव म्हणाले, आणि आठवड्याभरात तिथे छतापर्यंत पोती रचली. गोदाम गळतंय, चार दिवसांचा प्रश्न आहे, म्हणे. असले चार दिवस कधी संपतात का? शंभुराजचं लग्न ठरायची वेळ आली तरी ते चालूच होते.

मुलाच्या मागे त्याची काचेची टाकी तेवढी उरली. दोन फूट लांब, एक फूट रुंद, बैठकीच्या कोपऱ्यात. ती वैजयंतीबाईंनी ताब्यात घेतली आणि घरात बजावलं, "ह्या दोन फुटांत कुनी हात घालायचा न्हाई." सगळे हो म्हणाले. त्या घरात हो म्हणायला कुणाचं काही जात नसे.

मासे आणायला त्या परभणीला गेल्या. दुकानातल्या जीवन नावाच्या तरुणाने आधी डोक्यावर टेंगूळ आलेला एक थोराड मासा पुढे केला. "मावशी, वास्तूला लय चांगला. बरकत येती घरात."

"आन् वाढला की वळंल कुठं? माझ्या डोक्यावर?"

मग त्याने ड्वार्फ सिक्लिड दाखवले. बोटाएवढा जीव, पण मूर्ती लहान आणि कीर्ती महान. दोन झळझळीत, तुरेवाले मासे त्याने पिशवीत भरायला घेतले. जोडी उठून दिसेल म्हणाला.

"दोन्ही नर हायेत हे. एका म्यानात दोन तलवारी घालतोस आन् वर जोडी म्हनतोस? एक नर दे, एक मादी दे."

"मादी फिक्की दिसती, मावशी."

"दिसू दे. मला काय तिला नवरीवानी मिरवायची न्हाई."

मासे येण्याआधी कितीतरी आठवडे टाकी नुसती पाण्याने भरून, हवेचा स्पंज चालू ठेवून मुरवली होती. मोबाईलवर त्यांनी सगळं वाचलं होतं. हे मासे दक्षिण अमेरिकेतल्या, पाचोळ्याने भरलेल्या संथ ओढ्यांतले. त्यांना मऊ पाणी लागतं. सेलूचं बोअरचं पाणी बादलीला पांढरं पूट चढवणारं. म्हणून थोडं बोअरचं आणि पुष्कळसं घरच्या फिल्टरचं. तळाला दुधना नदीची बारीक वाळू, निवळ पाणी सुटेपर्यंत धुतलेली, कारण हे मासे वाळू तोंडात घेऊन चाळतात. शाळेच्या आवारातल्या बदामाची वाळकी पानं. सोमवारी फुटणाऱ्या नारळांच्या करवंट्या पालथ्या घातलेल्या, आणि प्रत्येकीला कानशीने दार पाडलेलं: मादी आत जाईल, नर जाणार नाही, एवढंच. मधे दगड आणि झुडपं अशी लावली, की एका कोपऱ्यातून दुसरा कोपरा दिसू नये. नजरेआड असलं की निम्मं भांडण मिटतं. हे माशांचं झालं. माणसांसाठी असं कुणी घर बांधत नाही.

"आमाला आंघोळीला बोअरचं, आन् ह्यांला फिल्टरचं!" शिवप्रकाशराव येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत आणि स्वतःच हसत. "पुढल्या जन्मी हिचा मासाच व्हावं म्हंतो." वैजयंतीबाई ओठ दाबून चहा ठेवायला जात.

सासूबाईंचं, गौराबाईंचं, दुखणं वेगळं होतं. माशांचं खाणं म्हणजे किड्यांचा चुरा. गळ्यात इष्टलिंग बांधणाऱ्या, पक्क्या शाकाहारी बाईला ते कसं सोसावं? "लिंगवंताच्या घरात किडे? आपल्या घरी आले तर आपल्या घरचं खावं त्यांनी." शेवटी तो डबा उंबऱ्याबाहेर, ओसरीच्या फळीवर गेला. वैजयंतीबाईंनी हेही ऐकून घेतलं.

आणि श्रावण लागता लागता ती फिक्की मादी पिवळीधमक झाली. हळदीत बुडवून काढल्यासारखी. करवंटीच्या आत, छताला तिने अंडी लावली होती. आपल्या दुप्पट नराला ती अशी काही हाणायला लागली, की तो टाकीच्या पार दुसऱ्या टोकाला, दगडाआड जाऊन बसला. काचेवर बोट ठेवलं तर बोटावर धावून येई. वैजयंतीबाई स्टूल घेऊन तासन्‌तास बघत बसत. असं चिडता आलं पाहिजे, त्यांना वाटे. जिथं चिडायचं तिथंच. बाजारात जाऊन नाही.

अंड्यांतून पिल्लं निघाली. अजून पोहत नव्हती, करवंटीला चिकटून नुसती वळवळत होती. आणि नेमका ताडकळसला भावाच्या, तात्यारावांच्या मुलाचा साखरपुडा आला. श्रावणी सोमवार असूनही जाणं भाग होतं. निघताना त्यांनी नवऱ्याला आणि सासूबाईंना टाकीपुढे उभं करून सांगितलं, "दोन दिवस उपाशी ऱ्हायले तरी मरत न्हाईत हे. कुनी काई टाकू नका, कुनी काई काढू नका. लेकरं झाल्यात तिला."

मंगळवारी दुपारी त्या परतल्या. टाकी लखलखत होती.

पानं नव्हती. झुडपं नव्हती. करवंट्या घासून पुसून, ताटात वाट्या मांडाव्यात तशा ओळीने मांडलेल्या. नर नव्हताच. मादी कोपऱ्यात पांढरीफटक, कल्ले धापा टाकत होते.

"काय केलंत?"

गौराबाई पदराशी चाळा करत पुढे आल्या. सोमवारी घरचे गुरू, जंगमस्वामी, जेवायला होते, दासोहाचं अन्नदान होतं. दारी आलेलं कुणी त्या दिवशी रित्या पोटी राहत नाही. कुत्र्याला, मुंग्यांनाही घास निघतो. "तू उपाशी म्हनलीस, वैजू. बाळंतीन ती. मला घास गिळंना. मूठभर हुग्गी सोडली तिला." हुग्गी, म्हणजे गव्हाची गुळातली खीर. त्या टाकीत.

"आन् पानी नासलं, वास मारायला लागलं," शिवप्रकाशराव अभिमानाने हसत म्हणाले. "मग म्या सगळं उपसलं, बोअरचं ताजं पानी भरलं. नर गेला रात्रीतून. त्या करवंट्यांत काय बुळबुळीत चिकटलं हुतं, तारंच्या घासणीनं, साबन लावून काढलं बघ. कशी चकाचक केली."

वैजयंतीबाईंनी एक करवंटी बाहेर काढली आणि आत बोट फिरवलं. साबणाचा वास आला.

"ती लेकरं हुती."

"बरं मग? मासेच तर हुते. दुसरे आनू की."

झालं. इतक्या वर्षांचं कुलूप त्या एका वाक्याने तुटलं.

"दुसरे? यंत्र हलवलं तवा दुसरं आनू म्हनला. खोली मागितली तवा चार दिवस म्हनला. दोन फूट मागितले हुते म्या तुमच्या घरात! दोन फूट! तितंबी हात घातल्याबिगर ऱ्हावलं न्हाई तुमाला? आत्याबाईंनी माया म्हनून टाकलं, त्यांला कळलं न्हाई. तुमाला सांगून गेले हुते, आन् तुमी हसताव!"

शेजारच्या सरजाबाई कुंपणाशी आल्या. आवाज त्यांच्या ओळखीचा होता. घरातून येत होता, एवढंच नवीन.

वैजयंतीबाई तोवर शंभुराजच्या खोलीत पोचल्या होत्या. पहिलं पोतं त्यांनी कानाला धरून ओढलं. ते उंबऱ्यावर फाटलं आणि पेंड बैठकीभर पसरली. दुसरं ओढलं. तिसरं. शिवप्रकाशराव "अगं, अगं" करत नुसते मागे-पुढे होत होते.

"हे बाहेर निगंल. आज. तुमी काडा, न्हाईतर मी रस्त्यावर ओतते."

शिवप्रकाशरावांनी पोती काढली. दुकानात हमालाच्या पाठीवर चढवायचे, ती आज स्वतःच्या पाठीवर घेतली. मग वैजयंतीबाईंनी टाकीतलं पाणी उपसून मादीला हळूहळू फिल्टरचं पाणी मिसळत बादलीत ठेवलं. "धरा तिकडनं," त्या नवऱ्याला म्हणाल्या, आणि टाकी खोलीत गेली. साबण लागलेल्या करवंट्या फेकल्या. टाकीत पहिल्यासारखं मऊ पाणी भरलं, कालच्या सोमवारची एक ताजी करवंटी घासून, दार पाडून आत ठेवली आणि मादीला सोडलं. शिवप्रकाशराव अजून दारात उभे होते. त्यांच्या तोंडावर दार लावून बाईंनी आतून कडी घातली.

बऱ्याच वेळाने मादी कोपऱ्यातून हलली. करवंटीत डोकावली, बाहेर आली, दारात उभी राहिली. आत राखायला काही नव्हतं. तरी तिच्या अंगावर पिवळी झाक हळूहळू चढत होती. ते बघून वैजयंतीबाईंना रडू फुटलं, आणि रडताना आणखी राग आला.

इतक्यात दारावर टकटक झाली.

"वैजू," गौराबाईंचा आवाज. "यिऊ का आत? माझ्या हातात काई न्हाई."

लग्न होऊन ह्या घरात आल्यापासून त्यांच्या दारावर कुणी टकटक केली नव्हती. वैजयंतीबाई उठल्या, कडीला हात लावला, आणि तशाच उभ्या राहिल्या. ती टकटक त्यांना अजून एकदा ऐकायची होती.