तेहतीस अनारसे आणि एक लेन्स

आमच्या नणंदेच्या नवऱ्याला ब्रह्मदेवाने जन्माला घालण्याआधी ‘मुलगा की मुलगी’ असं विचारलं असतं, तर ते अजून वरच विचार करत बसले असते. यवतमाळात ते आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहतात आणि विचार करायला दर रविवारी आमच्याकडे येतात. चपला घ्यायला गेले की एका पायात एक, दुसऱ्यात भलतीच घालून दुकानभर फिरतात आणि शेवटी जुन्याच शिवून आणतात. चहा की कॉफी हे त्यांचं ठरेपर्यंत माझा चहा पिऊन, कप विसळून झालेला असतो. अशा माणसाने निवृत्तीनंतर डिजिटल एसएलआर कॅमेरा घ्यायचं काढलं, आणि तोही असा, की ज्याची लेन्स वेगळी निवडावी लागते.

दुकानदार सोबत एक साधी लेन्स देत होता. ‘घ्याचीच तं नीट पाहून घेऊ,’ म्हणून भाऊजींनी नुसता कॅमेरा उचलला. बिनलेन्सच्या कॅमेऱ्याला बॉडी म्हणतात. ते आमच्या फाटकातूनच ओरडले, “वहिनी, बॉडी आणली!” शेजारच्या काकूंनी तेवढंच ऐकलं. थोड्या वेळात गल्लीतल्या बाया डोक्यावरून पदर घेऊन दारात हजर. “कोण गेलं वं बाई?” आमच्याकडे आज चूल पेटणार नाही म्हणून काकूंनी पिठलं-भातही आणला होता. मी खुलासा केला, पण पिठलं परत नेऊ दिलं नाही. मलाही एक वेळ सुटी हवी होती.

मग नळ्या सुरू झाल्या. कोणत्या लेन्समधून किती दिसेल हे कळावं म्हणून भाऊजींनी जुन्या कॅलेंडरांच्या पुठ्ठ्याच्या नळ्या केल्या. जाड आखूड नळीतून अख्खं अंगण दिसायचं, बारीक लांब नळीतून फक्त दोरीवरचा एक चिमटा.

“हे पन्नासची, वहिनी. माणसाच्या फोटोले बरी. पण हे दोनशेची पाहा. फुलसावंगीच्या वावरात रोही आला तं?”

“येणार आहे का?”

“तसं नाही. पण आलाच तं?”

रोही म्हणजे नीलगाय; ती काही आली नाही. कॅमेऱ्याला दमट हवा लागू नये म्हणून तो फडक्यात गुंडाळून माझ्या तांदळाच्या डब्यात ठेवला गेला. दोन पावसाळे मी भात लावताना आधी तो बाजूला करत आले. ऐकून ऐकून मी थकले होते.

घाई होती ती सासूबाईंना. त्यांना काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली थेंबांवर सांभाळायची, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. कडेचं दिसणं बंद होत होत समोरचं एक गोल तेवढं उरलं होतं. त्यांचा धड असा एकही फोटो नव्हता; कुठे सगळ्यांच्या मागे, कुठे अर्धा चेहरा.

“जवाईबुवा, मले दिसते तोवर माझा एक फोटू काढा.”

“काढतो नं आई. फक्त लेन्सचं होऊ द्या.”

मी मोबाइल पुढे केला, तर मलाच म्हणाल्या, “तू राहू दे. त्यायनं कबूल केलं हाय.”

यंदा अधिक महिना आला. अधिकात जावयाला द्यायचं वाण जाळीचं, भोकांचं असतं, अनारसे, बत्तासे. मी अनारसे तळत होते आणि भाऊजी सासूबाईंना सांगत होते, की लेन्सच्या आत भोक असतं, ते जेवढं मोठं तेवढा उजेड जास्त. सासूबाईंचा जप थांबला.

“भोक असते?”

“हो नं.”

“मंग वाणात तेच देऊ.”

“पण कोणती?” भाऊजी घाबरले.

“वाण निवडून मागत नसतेत, जवाईबुवा.”

मी गॅस बंद केला आणि ऑटोने दुकान गाठलं. माणसाचा फोटो काढायचाय, घरात, खिडकीपाशी, भोक मोठं द्या, म्हटलं. दुकानदाराने पन्नासची लेन्स दिली. भाऊजींना चहा निवडायला याहून जास्त वेळ लागतो.

तेहतीस अनारसे, त्यांच्या मधोमध लेन्स, वर दिवा. वाणाला नाही म्हणता येत नाही. भाऊजींनी वाकून नमस्कार केला, लेन्स बसवली आणि खिडकीपाशी सासूबाईंचे इतके फोटो काढले, की त्यातला एक शेवटी मलाच निवडावा लागला. तो त्यांनी खिडकीच्या झडपेएवढा मोठा करून, चौकटीत बसवून आणला.

सासूबाई त्याच्यासमोर मान फिरवत राहिल्या. “हे कपाळ... हे नाक आलं... कान कुठी हाय?” चेहरा त्यांच्या नजरेत एकदम मावत नव्हता.

भाऊजींनी सगळ्यात बारीक नळी घेतली, डोळ्याला लावली आणि फोटोकडे पाहिलं.

“वहिनी, एवढंच दिसते त्यायले?”

“एवढंच.”

नळी त्यांनी बराच वेळ खाली घेतली नाही. दुसऱ्या दिवशी, रविवार नसताना, ते पुन्हा आले. कोणालाही न विचारता तोच फोटो त्यांनी पासपोर्टएवढा करून आणला होता. सासूबाईंनी तो वीतभर लांब धरला.

“हां. आता पुरी दिसली मी.”

तो आता त्यांच्या जपमाळेच्या पिशवीत असतो. सुरुवातीला त्या कोपर वाकवून बघायच्या. हल्ली चेहरा गोलात मावावा म्हणून हात सरळ लांब करतात. भाऊजींच्याही ते लक्षात आलेलं दिसतं. परवा त्यांनी खिशातून आणखी लहान फोटो काढला, नखाएवढा, आणि माझ्या हातात दिला.

“लागन तवा द्याल,” म्हणाले.

मी तो फडक्यात गुंडाळून तांदळाच्या डब्यात ठेवला आहे.