आजीचं म्हणून गायलेलं गाणं

माझ्या बायकोला हे ठाऊक नाही. ज्यांनी हॉलमध्ये टाळ्या वाजवल्या त्यांनाही नाही. आणि ज्याला सर्वांत आधी सांगायला हवं होतं, त्या इस्माईललाही नाही. तुम्ही पहिले. कुठून सुरू करू? — कॅसेटपासून करतो. ते त्यातल्या त्यात सोपं आहे.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. जबल अलीच्या एका गोदामात मी स्टोअरकीपर होतो. मूळचा साताऱ्याकडचा, जत्रेत गाणारा. दुबईत मराठी मंडळींचा कार्यक्रम असला की ऊद मेथाच्या हॉलमध्ये मला बोलवायचे. डोक्याला फेटा बांधून गावाकडची दोन-तीन गाणी म्हणायची, जेवायचं, परत यायचं. तिथेच एका कापडदुकानाच्या मालकाने माझी कॅसेट काढायचं ठरवलं. आम्ही त्यांना शेठ म्हणायचो. आठ गाणी, एका बाजूला चार, दुसऱ्या बाजूला चार. सगळी गावरान, सगळी प्रेमाची.

गाणी निवडायची म्हणजे काय करायचं, हे मला कुठे माहीत होतं? वही काढली. पाणवठ्यावरचं एक, उसाच्या फडातलं एक, नणंदेला चिडवणारं, मेव्हणीला चिडवणारं. शेठच्या दुकानामागे कापडाच्या ताग्यांवर बसून सात गाणी म्हणून दाखवली. शेठ खूश झाले, आणि मग थांबले.

"सगळी हसरी आहेत रे. इथे ऐकणार कोण? नवरा इथे, बायको गावाला. एक तरी असं दे, की बसमधला माणूस खिडकीकडे तोंड फिरवून बसला पाहिजे."

तसं एकही गाणं माझ्याकडे नव्हतं. वाट बघणारीचं गाणं म्हणायला कुणीतरी वाट बघणारं असावं लागतं. माझं लग्न झालेलं नव्हतं, आई गेलेली. भावाचं पत्र यायचं ते यादी घेऊन — टीव्ही, मिक्सर, सेंट. शुक्रवारी सुट्टी असली की मी पलंगावर पडून छताकडे बघायचो. हे मी कारण म्हणून सांगत नाही. तेव्हा तसं होतं, एवढंच.

कंपनीच्या कामगार-कॅम्पमध्ये आमच्या खोलीत चौघे. माझ्या शेजारचा पलंग इस्माईलचा. रत्नागिरीकडचा, फोर्कलिफ्ट चालवायचा. लग्नानंतर दोन महिन्यांत इकडे आला होता. त्याची बायको खतिजा. तिला लिहायचा कंटाळा, म्हणून ती कॅसेटवर बोलायची, आणि गावाहून रजा संपवून येणाऱ्या कुणाबरोबर तरी ती कॅसेट पाठवायची. इस्माईल इअरफोन लावून, भिंतीकडे तोंड करून ऐकायचा. आम्ही त्या वेळी त्याच्याशी बोलत नसू. असा खोलीचा नियमच होता.

एका शुक्रवारी इअरफोनची वायर तुटली. दुपारची नमाज आटोपून तो आला होता, बाकीचे दोघे बाहेर. मी झोपलोय असं त्याला वाटलं. मी — जागा होतो. डोळे मिटून पडलो होतो. त्याने तिची कॅसेट तशीच, बारीक आवाजात लावली.

आधी सासूच्या गुडघ्याचं सांगून झालं, कौलं शाकारल्याचं झालं. मग ती खाकरली. "हसू नको हां. तुझ्यासाठी केलंय मी." आणि गायली. गळा काही फार चांगला नव्हता.

*तुझ्या बाजूची चादर झाडते रोज,*
*तुझ्या बाजूला मी निजत नाय…*

पुढे आणखी दोन कडवी होती. इस्माईलने टेप मागे फिरवून तीनदा ऐकलं. मी कूस बदलली नाही.

आता सांगतो. चार दिवसांनी त्याची सकाळची ड्यूटी होती आणि माझी दुपारची. खोलीत कुणी नव्हतं. मी त्याच्या उशीखालून ती कॅसेट काढली, माझ्या टेपरेकॉर्डरमध्ये घातली, आणि सगळे शब्द वहीत उतरवून घेतले. चालही तिचीच घेतली. 'चादर' काढून 'वाकळ' घातलं, 'नाय'चं 'नाही' केलं, म्हणजे कोकणातलं वाटू नये. एवढा विचार सुचला मला! मग विचारावं, हे का नाही सुचलं? सुचलं होतं. तो 'नाही' म्हणेल, म्हणून विचारलं नाही.

शारजात एका खोलीला फोम लावून केलेल्या स्टुडिओत ते गाणं मी एका टेकमध्ये गायलो. ढोलकीवाला वाजवायचा थांबला आणि नुसता ऐकत राहिला. कव्हरवर त्या गाण्यापुढे छापलं — पारंपरिक.

कॅसेट चालली. म्हणजे चाललं ते हेच गाणं. आणि एक दिवस कंपनीच्या बसमध्ये ड्रायव्हरने ती लावली. इस्माईल माझ्या शेजारी बसला होता. पहिल्या ओळीला त्याने माझ्याकडे बघितलं. मग पुढच्या सीटची दांडी धरून बसून राहिला. कॅम्पच्या गेटपाशी उतरल्यावर म्हणाला, "हे गाणं तुला कुठे मिळालं रे?"

अजून वेळ होती. नाही का? तो रागावला असता, मारलंही असतं कदाचित. पण गोष्ट आमच्या दोघांत राहिली असती.

"माझी आजी म्हणायची," मी म्हणालो. "जुनं आहे. सगळीकडे म्हणतात."

"सगळीकडे?"

"सगळीकडे."

तो हसला. "आणि मला बोलली, तुझ्यासाठी केलंय. पोरगी पण ना!" माझ्या पाठीवर थाप मारली आणि आत गेला.

बघा — चोरी एवढ्याशा गोष्टीने मोठी झाली. गाणं मी घेतलं, आणि खोटी ती ठरली.

त्याच आठवड्यात त्याने तिच्यासाठी कॅसेट भरली. मी पलंगावरच होतो. तो थट्टेत बोलत होता, प्रेमाने बोलत होता: "पकडली तुला! हे तर सगळे गातात. माझ्या दोस्तानं कॅसेटमध्ये पण गायलंय." मी उठून बाहेर गेलो. नळावर जाऊन धुतलेलीच बनियन पुन्हा धुतली.

त्यानंतर तिच्या कॅसेटी येत राहिल्या. सासू, कौलं, आंब्याचा मोहर. गाणं पुन्हा कधी आलं नाही. बोलणं संपलं की उरलेली टेप नुसती फिरायची, आणि इस्माईल ती शेवटपर्यंत ऐकत बसायचा. "काही बोलत नाय रे ही हल्ली," एकदा मला म्हणाला. मी म्हणालो, कामं असतील घरात. हेही मीच म्हणालो.

काही वर्षांनी त्याला सुपरवायझर केलं, फॅमिली व्हिसा मिळाला, शारजात दोन खोल्यांचं घर घेतलं. मी अनेक शुक्रवार टाळले. शेवटी जावं लागलं. खतिजाला मी पहिल्यांदा पाहिलं — बारीक, डोक्यावर पदर, हातात भाताची परात. त्यांची सहा-सात वर्षांची मुलगी मला म्हणाली, "अंकल, डॅडी सेज यू आर अ सिंगर." इस्माईल म्हणाला, "अरे, मोठा सिंगर! आजीचं गाणं म्हण ना ते."

मी घसा बसल्याचं सांगितलं.

खतिजा वाढता वाढता थांबली. आवाज अगदी साधा होता. "भाऊ, तुमच्या आजीचं गाव कोणतं?"

मी एका गावाचं नाव सांगितलं. तोंडात आलं ते.

ती म्हणाली, "मग तिथे पण कुणाचा तरी नवरा लांब असेल." माझ्या ताटात तिने भात वाढला, त्यावर सार घातलं, आणि आत गेली. तिने माझ्यावर विश्वास ठेवला, की तिला सगळं कळलं होतं, हे मला आजतागायत ठरवता आलेलं नाही. मी मात्र तो भात खाल्ला. दुसऱ्यांदाही घेतला.

माझी आजी माझ्या जन्माआधीच वारली होती. ती गायची की नाही, हे मला कुणी कधी सांगितलेलं नाही.

ते गाणं खतिजाने केलं होतं, इस्माईलसाठी.