दर वेळी विचारू नका

आमचं दुकान गोंडपिपरीत एसटी स्टँडजवळ होतं. पुढे झेरॉक्स, टायपिंग आणि एक संगणक, मागे घर. दुकान दादाचं, संगणक दादाचा आणि दादाच्या मते मीसुद्धा दादाचीच जबाबदारी. संगणकाचं शिक्षण पुरं करून मी घरी बसले होते. दिवसभर लोकांचे अर्ज टाइप करायचे आणि स्थळ येण्याची वाट पाहायची. वाट घरचे पाहत होते, मी नाही.

फावल्या वेळात मी मोबाइलसाठी एक छोटा प्रोग्रॅम लिहीत होते. गाव निवडलं की तिथे जाणाऱ्या गाड्यांच्या वेळा दिसायच्या. चंद्रपूर, चामोर्शी, वरोरा, सगळ्या मी स्टँडवरच्या फळ्यावरून उतरवून आणल्या होत्या. बाहेर जाणारी प्रत्येक गाडी मला तोंडपाठ होती आणि एकीतही एकटीनं बसायची मुभा नव्हती.

प्रोग्रॅम खऱ्या फोनवरच तपासावा लागे. एक ओळ बदलली की फोन केबलने जोडा, प्रोग्रॅम त्यात टाका, चालवून बघा. जोडला की फोन विचारायचा, या संगणकाला जोडू का? दिवसातून पंचवीस वेळा तेच. त्यात भारनियमन. लाइट असेल तेवढ्यात काम उरकायचं, आणि हा आपला प्रश्न विचारतोय! एकदा वैतागून मी सेटिंगच बदललं, दर वेळी विचारू नका. बरं वाटलं. आता केबल लावताच सॉफ्टवेअर आपोआप उघडायचं, फोनमधले मेसेज संगणकावर दिसायचे, तिथूनच उत्तरही पाठवता यायचं. तशी मी सावध होते हो! फोनला कुलपाचा नंबर टाकला होता, तो कुणालाच ठाऊक नव्हता.

मार्कशीट आणायचं निमित्त काढून मी एका मैत्रिणीसोबत नागपुरात नोकरीची मुलाखत देऊन आले होते. एका शनिवारी सकाळी त्यांचा मेसेज आला. सोमवारपासून या, आज संध्याकाळपर्यंत कळवा. आईला सांगितल्याशिवाय हो म्हणायचा धीर होईना. दुपारी लाइट गेली आणि आम्ही दोघी बाजाराला निघालो.

आमच्याकडे लाइट गेली की कुणी बटणं बंद करत नसे. पंप, पंखा, चार्जर, सगळं चालूच ठेवायचं, म्हणजे लाइट आल्यावर मिनिटही फुकट जात नाही. दादानं संगणकही लाइट येताच आपोआप सुरू होईल असा करून घेतला होता. माझा फोन संगणकाच्या केबलला तसाच लटकत राहिला, चार्ज होईल म्हणून.

बाजारातून परतताना मी आईला सगळं सांगून टाकलं. ती रस्त्यातच थांबली. हातातली पिशवी खाली ठेवली, पुन्हा उचलली.

"जाय तू," ती म्हणाली. "तुह्या दादाले मी सांगतो."

तेवढं अंतर मी चालले नाही, उडाले.

दुकानात लाइट आली होती. दादा संगणकासमोर बसला होता आणि पडद्यावर माझे मेसेज उघडे होते. फोनचं कुलूप तसंच होतं, पण लाइट येताच संगणक सुरू झाला होता आणि फोननं काही विचारलंच नव्हतं.

"काऊन वं, आमाले काई सांगाचं नाई?" तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, त्याचीच जास्त भीती वाटली. "नागपुरात एकटी राह्यशील त लोकं काय म्हणतीन? मी कळवून टाकलं, येत नाई म्हणून."

आई त्याच्यावर ओरडली. तिला दादावर ओरडताना मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. मी फोन ओढून घेतला आणि नागपूरला लावला.

"अहो, तुमचंच उत्तर आलं ना," तिकडच्या बाई म्हणाल्या. "दुसऱ्या मुलीला सांगितलं आम्ही."

तो मेसेज भावानं पाठवला, हे मला सांगता आलं नाही. लाज वाटली. फोन ठेवून मी पाठवलेले मेसेज उघडले. माझ्याच नंबरावरून, खाली माझं नावसुद्धा घालून, अगदी नम्रपणे नकार गेला होता.

मी दादाशी महिनाभर बोलले नाही. त्यानं काही फरक पडला नाही. अर्ज टाइप करतच होते. पण त्या संध्याकाळी सगळ्यात आधी मी ते सेटिंग परत बदललं आणि बदलताना रडू आवरेना. अख्ख्या घरात मला विचारून काही करणारा तो एवढा फोनच होता, आणि त्याला गप्प मीच बसवलं होतं.